दोन शाळांचा एक रविवार

आज सकाळी आठव्या क्रॉसच्या, म्हणजे आठव्या आडव्या गल्लीच्या, तोंडाशी या वर्षाची पहिली अवरेकाई दिसली. गोणपाटावर शेंगांचा हिरवा ढीग. त्यामागे बसलेल्या बाईने एक शेंग चुरगळून माझ्या नाकाशी धरली. "सोगडु नोडी, अक्का." नोडी म्हणजे बघा, आणि सोगडु म्हणजे या शेंगांच्या सालीवरचा तेलकट, चिकट वास. थंडी जितकी कडक तितका तो दाट. डिसेंबर-जानेवारीत मल्लेश्वरममधल्या निम्म्या बायकांच्या बोटांना हा वास असतो आणि तो साबणाने जात नाही. पुण्याच्या माझ्या मावशीला मी एकदा पिशवीभर नेऊन दिली, तर ती म्हणाली, "अगं, हा तर आपला पावटा!" असेल. पण पावट्यासाठी कुणी असं नाक पुढे करून उभं राहिलेलं मी तिच्याकडे पाहिलं नाही.

दोन किलो घेतली. घरी येऊन सोलायला बसले आणि पहिली शेंग मोडताच ओठांवर आपोआप आलं, बे एके बे. हसू आलं. मग दोन वर्षांपूर्वीचा हाच मोसम सगळाच्या सगळा समोर येऊन बसला. त्या हिवाळ्यात आमची शाळा दुसऱ्या शाळेत मिसळली.

शाळा म्हणजे रविवारची, सकाळी दहा ते बारा. माझे वडील मिरजेहून या कन्नड शहरातल्या सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून आले. तशी आणखी पंधरा-वीस मराठी घरं आसपास होती. मुलं गल्लीत कन्नड बोलायची, शाळेत इंग्रजी, आणि मराठी फक्त घरात बोलणी खाताना ऐकायची. तेव्हा नलूअक्कांनी मुलांना रविवारी गोळा करायला सुरुवात केली. त्यांचे यजमान वडिलांच्याच कारखान्यात होते. एका ओळखीच्यांनी घराच्या माडीवरची खोली दिली. भिंतीला काळा रंग फासून फळा झाला, बसायला सतरंज्या आल्या. मी त्या सतरंजीवर सहाव्या वर्षी बसले. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी मोठी होऊन दिल्लीला शिकायला गेली, तरी रविवारी दहाला मी तिथेच असायचे. फक्त आता फळ्याच्या बाजूला.

नलूअक्कांना सगळे अक्काच म्हणतात. त्यांच्या नातीच्या वयाची मुलंसुद्धा. बारीक चण, कायम सुती पातळ, आणि मराठी अशी की तिच्यात कोल्हापूर आणि मल्लेश्वरम शेजारी शेजारी नांदतात. "सरी, आता पाटी काढा. स्वल्प सरक बघू तिकडे." सरी म्हणजे ठीक, नीट; आम्ही सगळे असंच बोलायचो. वेगळं काही बोलतोय हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

अवरेकाईच्या दिवसांत मुलांना सोडायला आलेल्या आया तिथूनच बाजाराला जायच्या आणि परत येताना पिशव्या माडीवर आणून ठेवायच्या. अक्का त्या पिशव्या सतरंजीवर पालथ्या करायच्या. मुलांनी गोल बसायचं, शेंगा सोलायच्या आणि पाढे म्हणायचे. बेचा पाढा म्हणताना हात भरभर चालायचे, तेराच्या पाढ्याला मात्र पार थांबायचे. भिजवलेले दाणे असले की आणखी मजा. अंगठ्याने दाबलं की आतला दाणा सटकन उडायचा आणि भलत्याच्याच डोक्यावर जाऊन बसायचा. खाली कुठेतरी कॉफी उकळत असायची, देवळाची घंटा वाजायची, आणि चौदा सक कितीवर कुणीतरी अडलेलं असायचं. माझी आई वारली त्या वर्षी मला तिचा आवाज आठवेना. पण त्या माडीवरचा गोंगाट स्पष्ट ऐकू यायचा. त्यात ती होतीच, जिन्यातून ओरडत, "वसू, चल गं!"

चाळीस मुलांची वीस झाली, विसाची सात. जुन्या घरांतली नातवंडं अमेरिकेत गेली. इथे राहिलेल्यांपैकी कित्येकांच्या सुना-जावई कन्नड, तमिळ. मग घरमालकांच्या मुलांनी जुनं घर पाडून इमारत बांधायचं ठरवलं. त्यांनी फार अदबीने सांगितलं. स्वतः येऊन, अक्कांच्या पाया पडून. त्यामुळे रागावायचीही सोय उरली नाही.

त्याच आठवड्यात केतकीचा फोन आला. केतकी मूळची नाशिकची, पुण्यात शिकलेली, आता शहराच्या दुसऱ्या टोकाच्या महादेवपुऱ्यात एका आयटी कंपनीत. तिथल्या एका मोठ्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये तिने आणि काही आयांनी रविवारचा मराठी वर्ग सुरू केला होता. साठ मुलं.

"ताई, आय मीन, आमच्याकडे स्पेस आहे, मुलं आहेत, प्रोजेक्टर आहे. पण प्रॉपर शिकवणारं कुणी नाही. तुमच्याकडे अक्कांसारख्या टीचर आहेत. सो, मर्ज करू या ना."

मी अक्कांना सांगितलं. त्या कॉफी गाळत होत्या. "मर्ज? माझ्या लहानपणी मर्ज म्हणजे दुखणं. हे तुझं कुठलं?"

"एकत्र करायचं, अक्का. दोन शाळांची एक."

त्यांनी कॉफी वरून खाली, खालून वर ओतली. "सात मुलं साठांत. त्याला एकत्र म्हणतात, हौदा? हो का?" मग थोड्या वेळाने, "सरी. बघू या. सात तर सात, बसायला जागा पाहिजे."

जानेवारीच्या पहिल्या रविवारी आम्ही निघालो. अक्का, मी आणि सात मुलं. मेट्रोने मॅजेस्टिक, तिथे गाडी बदलून जांभळ्या लाइनने जवळजवळ दुसऱ्या टोकापर्यंत. सव्वा तासाचा प्रवास. मुलांना सहल वाटत होती. कुलकर्ण्यांची जुळी खांबाला लटकत होती. नऊ वर्षांची इंचरा खिडकीतून स्टेशनांच्या कन्नड पाट्या मोठ्याने वाचत होती. इंचराचे वडील मराठी, आई कन्नड. इंचरा म्हणजे कन्नडमध्ये पाखराचा गोड आवाज. ही मुलगी नावासारखीच होती. उठल्यापासून झोपेपर्यंत बोलायची, आणि मराठी, कन्नड ज्या हाताला लागेल त्या भाषेत.

सोसायटीच्या फाटकापाशी पहारेकऱ्याने अडवलं. हातात मोबाइल. कुणाकडे, कोणता फ्लॅट, कशासाठी, असं हिंदीत विचारलं. अक्का म्हणाल्या, "मराठी." त्याला कळेना. त्याच्या यादीत पाहुणे होते, कामवाली होती, टॅक्सी होती, डिलिव्हरी होती, मराठी नव्हतं. शेवटी त्याने काहीतरी दाबलं, अक्कांचा फोटो काढला आणि फाटक उघडलं.

"काय लिहिलं गं त्यानं?"

"डिलिव्हरी."

अक्का पिशवी सावरत पुढे झाल्या. "बरोबर आहे की. पोचवायलाच आलोय."

क्लबहाउस म्हणजे काचेची मोठी खोली, बाहेर निळाशार पोहण्याचा तलाव, आत गार हवा. साठ मुलं, आणि मागच्या सोफ्यांवर मांडीवर लॅपटॉप घेतलेले आईबाप. केतकी धावत आली. पस्तिशीची, केस वर बांधलेले, एका हातात फोन, दुसऱ्या हातात नावांचे बिल्ले. वाकून अक्कांच्या पाया पडली. मला ती आवडली, आणि आवडली याचा जरा रागही आला.

त्या दिवशी मुलांची लेव्हल टेस्ट होती. चित्र दाखवायचं, त्यावर बोलायचं. इंचराने चित्र पाहिलं आणि सुरू झाली. "झाडाखाली अज्जी बसलीय. ती स्वल्प दमलीय. तिचा नातू पाणी आणायला गेलाय, पण वाटेत त्याला कुत्र्याचं पिल्लू भेटलं..." चित्रात पिल्लूबिल्लू काही नव्हतं. परीक्षा घेणाऱ्या, तिथल्याच एका मुलाच्या तरुण वडिलांनी कागदावर लिहिलं, शब्द कच्चे. आणि तिला पाच-सहा वर्षांच्या मुलांबरोबर लेव्हल वनमध्ये बसवलं. अक्कांनाही लेव्हल वन दिली होती. मोठ्यांना शिकवायला प्रोजेक्टर लागतो, तो अक्कांना जमणार नाही असं कुणीतरी ठरवलं होतं.  अक्का लहानांच्या चटईवर मांडी घालून बसल्या.

पुढच्या रविवारी सगळ्यांना एकत्र शुद्धलेखन होतं. वाचून दाखवणारी आई भरभर पुढे जात होती. मागून इंचराचा आवाज आला, "टीचर, स्वल्प थांबा, एक ओळ सरी करून घेते."

 मग पुढच्या रांगेतला एक मुलगा मागे वळला. तो रेवांश, केतकीचा मुलगा, तोही नऊ वर्षांचा. "सरी? म्हणजे पाऊस येतोय?" सगळे हसले. तो आणखी फुलला. "स्वल्प थांबा! स्वल्प थांबा!" मग खेळायच्या सुट्टीत तेच, पाणी पिताना तेच, चपला घालताना तेच. मुलं दुष्ट नव्हती. त्यांना नवा शब्द सापडला होता, आणि तो म्हणताना तोंडाला मजा येत होती.

मी मात्र त्यांच्या आयांकडे बघत होते. रेवांश तासाभरात तीनदा म्हणाला होता, "मी होमवर्क फिनिश केलं, मला टायर्ड झालंय." कुणाची भुवईसुद्धा हलली नव्हती. इंग्रजी शब्द आमच्या सगळ्यांच्या मराठीत घरचे असल्यासारखे वावरतात. शेजारच्या घरातला कन्नड शब्द आला, की तेवढा मात्र ओशाळवाणा होऊन दाराबाहेर उभा.

परतीच्या गाडीत इंचरा सव्वा तास काही बोलली नाही. पाट्याही वाचल्या नाहीत. बुधवारी तिच्या वडिलांचा फोन आला. "वसुधाताई, ती येणार नाही म्हणते. म्हणते, मला मराठी येत नाही."

मला मराठी येत नाही! जिने कुत्र्याच्या पिल्लापर्यंत गोष्ट नेली होती, ती. आपण शाळा एकत्र करतो तेव्हा खोल्या मोजतो, मुलं मोजतो, बाकं मोजतो. एखादं मूल कालपर्यंत जे बेधडक करत होतं ते आपल्याला येतच नाही असं समजून घरी बसतं, ते कोण मोजणार?

मी रागाच्या भरात केतकीला फोन लावला. ती म्हणाली, "सॉरी ताई, मी रेवांशशी बोलते. पण पेरेंट्स शुद्ध मराठीसाठीच पाठवतात ना..."

"शुद्ध?" मी म्हणाले. "तुमच्या मुलाला एक वाक्य धड बोलता येत नाही, आणि तुम्ही आमच्या मुलीला शुद्ध शिकवणार? तुम्हाला शाळा नकोय, केतकी. तुम्हाला स्नेहसंमेलनाचे फोटो हवेत."

  मग ती बोलली, आणि तिच्या बोलण्यातलं सगळं इंग्रजी कुठेतरी गेलं होतं.

"माझे बाबा रोज संध्याकाळी नाशिकहून फोन करायचे. रेवांशशी बोलायला. त्याला त्यांचं कळायचं नाही, त्यांना त्याचं. मग मध्ये मी. तो काय म्हणाला ते त्यांना सांगायचं, ते काय म्हणाले ते त्याला. ऑफिसच्या कामात असले की घाईत सांगायचे, अर्धंमुर्धं. तो सात वर्षांचा असताना बाबा गेले. शेवटचा फोनसुद्धा माझ्याच मार्फत झाला, ताई. त्याच वर्षी मी हा वर्ग काढला. मला शिकवता येत नाही हे मला माहीत आहे. म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

 "चुकलं माझं," एवढंच म्हणाले.

शुक्रवारी अक्का इंचराच्या घरी गेल्या. मला बरोबर नेलं. स्वयंपाकघरात तिच्या आईजवळ पाटावर बसून कन्नडमध्ये अर्धा तास गप्पा मारल्या. अवरेकाईचं सारू कसं करायचं, माहेरी सगळे कसे आहेत, दुधाचा भाव. इंचरा दारामागे. शाळेचा विषय नाही, रेवांशचं नाव नाही. निघताना पायात चपला सरकवत अक्का म्हणाल्या, "रविवारी माझी पिशवी धरायला कुणीतरी पाहिजे. गुडघा फार दुखतो." आणि उत्तराची वाट न बघता जिना उतरायला लागल्या.

रविवारी इंचरा स्टेशनवर हजर होती. पिशवी घेऊन, ओठ घट्ट मिटून.

त्या दिवशी अक्कांनी केतकीला विचारलं, "मोठ्या मुलांची दहा मिनिटं मला देशील?" प्रोजेक्टर बंद झाला. अक्कांनी बोर्डावर मोठं वाक्य लिहिलं: आईने बाजारातून कांदे बटाटे वांगी आणि मिरच्या आणल्या. रेवांशला पुढे बोलावून म्हणाल्या, "वाच. जसं लिहिलंय तसंच, कुठेही न थांबता." त्याने वाचलं आणि मिरच्यांपर्यंत त्याला दम लागला. सगळे हसले. तोही हसला.

"काय पाहिजे इथं?"

"कॉमा!"

"मराठीत काय म्हणायचं त्याला?"

कुणालाच येईना. मुलांनी आयांकडे बघितलं. आया एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीने चक्क फोन काढला. तेवढ्यात मागून, लहानांच्या चटईवरून, अगदी बारीक आवाज आला.

"स्वल्पविराम."

"काय?" अक्कांनी कानामागे हात धरला. "मोठ्यानं सांग, मला ऐकू येत नाही."

"स्वल्पविराम," इंचरा म्हणाली.

"म्हणजे काय करायचं?"

इंचराने तोंड उघडलं आणि ती थबकली. मला दिसलं, तिलाही त्याच क्षणी उमगत होतं. तिने एकदा रेवांशकडे पाहिलं, मग अक्कांकडे.

"म्हणजे... स्वल्प थांबायचं."

 केतकीचा हात तोंडावर गेला होता. अक्का खडू हातात घेऊन उभ्या. पहिला आवाज रेवांशचा आला. "ओ! म्हणजे ते मराठीच होतं?"

"मराठी पण आणि कन्नड पण," अक्का म्हणाल्या. "तुझी पेन्सिल तिनं वापरली तर ती तुझी राहत नाही का? ये, स्वल्पविराम दे आता. कांद्यानंतर."

नंतर केतकी चटईपाशी येऊन गुडघ्यांवर बसली. "इंचरा, माझं चुकलं. तू लेव्हल थ्रीमध्ये ये."

इंचराने विचारलं, "अक्का कुठल्या लेव्हलमध्ये आहेत?"

"वनमध्ये."

"मग मी इथंच."

अक्कांनीच तिला उठवलं. "जा गं. तिकडच्यांना पण कुणीतरी पाहिजे."

सगळं त्या एका दिवसात सुरळीत झालं असं म्हणायचा मोह होतो, पण तसं झालं नाही. लेव्हली नव्याने पाडल्या गेल्या. दोन आयांना ते पटलं नाही, त्यांनी आपली मुलं काढून घेतली. संक्रांतीला आमच्या मुलांनी घरून एळ्ळुबेल्ला आणला, म्हणजे तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे, डाळं यांचा मिसळलेला प्रसाद. तिकडच्यांकडे तिळाचे लाडू. मुलांनी दोन्ही एकाच डब्यात ओतून मुठीमुठीने खाल्लं. बायकांमध्ये मात्र खरं कुठलं यावर हसतखेळत, पण बराच वेळ चर्चा झाली. मुलं अशी चटकन मिसळतात. मोठ्यांना त्यासाठी बैठक घ्यावी लागते.

आणि आमची सातही तिथे टिकली नाहीत. फेब्रुवारीत जुळी यायची थांबली. त्यांचे आजोबा म्हणाले, "सव्वा तास जाऊन, सव्वा तास येऊन दोन तासांचा वर्ग. मला नेणं होत नाही, आणि पोराला वेळ नाही." परवाच ते बाजारात भेटले, दोन्ही नातवांना घेऊन. मुलं त्यांच्याशी कन्नडमध्ये बोलत होती, तेही कन्नडमध्येच उत्तर देत होते. माझ्याकडे बघून जरा कसंनुसं हसले. "चाललंय आमचं. माया काही कमी झाली नाही." खरंच झाली नव्हती. एकाने त्यांचा हात धरला होता, दुसऱ्याने पिशवी. तरी घरी येईपर्यंत मला चुकचुकल्यासारखं होत राहिलं. शाळा माडीवर असती तर ती दोघं नुसती रस्ता ओलांडून आली असती.

माडीच्या जागी आता पाच मजली इमारत आहे. खालच्या कोपऱ्यावर फुलं विकणारी बाई रविवारी मुलींसाठी मोगऱ्याचे चार-चार बोटं गजरे बाजूला काढून ठेवायची. ती कितीतरी आठवडे मला विचारत राहिली, "मक्कळु बरल्वा, अक्का?" मुलं येणार नाहीत का? मी सांगायचे, आता दुसरीकडे जातात. ती मान डोलवायची आणि पुढच्या रविवारी पुन्हा विचारायची. मुलांसाठी शाळा हलते. गल्लीला मात्र कुणी सांगतच नाही.

अक्कांचा गुडघा फेब्रुवारीअखेर अगदीच बोलायला लागला. मेट्रोचे जिने, मॅजेस्टिकची चाल. डॉक्टरांनी प्रवास बंद करायला सांगितला. त्या म्हणाल्या, "परीक्षा घेते आणि थांबते." आता त्या ऐंशीच्या आहेत, घरीच असतात. महिन्याच्या शेवटच्या रविवारी केतकी दहा-बारा मुलांना मेट्रोने मल्लेश्वरमला आणते. पुढे इंचरा, गाडी कुठे बदलायची ते सांगत. अकरा वर्षांची ही बाई आता लहानांच्या चटईवर शिकवते आणि अक्कांपेक्षा जास्त ओरडते. इतर रविवारी मी तिकडे जाते. पूर्वी ज्या शाळेला मी 'त्यांची' म्हणायचे तिला कधी 'आमची' म्हणायला लागले, ते माझ्या लक्षात आलं नाही. दिल्लीहून मुलीने फोनवर पकडलं. "आई, आमची कुठली? महादेवपुऱ्याची?"

पण त्या मोसमातलं खरं मनात राहिलं आहे ते मार्चमधल्या परीक्षेचं. रस्त्याकडेची झाडं गुलाबी फुलांनी ओसंडून गेली होती, मुलांच्या बुटांना चिकटून पाकळ्या क्लबहाउसच्या आतपर्यंत आल्या होत्या. अक्कांची तोंडी परीक्षा चाळीस वर्षं एकच आहे. कुठल्याही विषयावर दोन मिनिटं बोलायचं. चित्र नाही, प्रश्न नाही. अडलं तर अडू द्यायचं, मधे कुणी शब्द पुरवायचा नाही.

रेवांशची पाळी आली. एरवी धिटाईने बोलणारा मुलगा बोटं चाळवत उभा राहिला. केतकी दारात प्रमाणपत्रांचं खोकं घेऊन उभी होती.

"माझे आजोबा नाशिकला होते," तो म्हणाला. "ते फोन करायचे. मला त्यांचं कळायचं नाही. मग ममा सांगायची. एकदा ते हॉस्पिटलमध्ये होते आणि त्यांनी फोन केला. ते म्हणाले, बाळा, तुझा आवाज ऐकला, पोट भरलं." तो थांबला. "मला फक्त आवाज आणि पोट माहिती होतं. आणि भरलं. मला वाटलं त्यांचं डिनर झालं. म्हणून मी विचारलं, काय खाल्लं? तेवढंच मला यायचं. ते खूप हसले. त्यांना खोकला आला. मग ते म्हणाले, तुझा आवाज."

अक्का बघत होत्या. कुणी शब्द पुरवला नाही.

"मी म्हटलं, आवाज कसा खातात? पण ते मी इंग्लिशमध्ये म्हटलं. मग ममाने फोन घेतला. ममा मला म्हणाली, आजोबा हॅपी आहेत." त्याने दाराकडे पाहिलं. "आता मला कळतं ते काय म्हणाले."

केतकीने खोकं खाली ठेवलं. "एवढंच सांगितलं मी त्याला," ती माझ्याकडे बघत अगदी हळू म्हणाली. "मला मीटिंग होती."

दोन मिनिटं कधीच होऊन गेली होती. अक्कांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. "आणि आज त्यांचा फोन आला असता, आणि तसंच म्हणाले असते, तर तू काय म्हणाला असतास?"

रेवांश विचार करत राहिला. खाली बुटांना चिकटलेल्या पाकळ्यांकडे बघत. मग त्याने मान वर केली. पंगतीत आपण पाहुण्याला म्हणतो तसं, दोन्ही हात किंचित पुढे करून तो म्हणाला,

"आजोबा, अजून घ्या."